रिपोर्टआधीचे एकवीस दिवस

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं एकच गोष्ट शिकवते आहे. पेशीत कायनेज नावाची एन्झाइमं असतात. ती दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात आणि बहुतेक वेळा त्यामुळे ती प्रथिनं कामाला लागतात. फॉस्फेटेज नावाचं दुसरं एन्झाइम येऊन ते फॉस्फेट काढून घेतं, की काम थांबतं. पेशीतला निरोप असा हातोहात पुढे जातो. फळ्यावर हे सगळं फार शहाण्यासारखं दिसतं.

मग माझ्या वडिलांनाच रक्ताचा कर्करोग निघाला, आणि तोही नेमका माझ्या धड्यातला. एक कायनेज कायमचं चालू, थांबायचं नावच नाही, म्हणून पांढऱ्या पेशी वाढत सुटलेल्या. इलाज रोज एक गोळी. ती त्या कायनेजच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याला फॉस्फेट लावूच देत नाही. दिंडोरीच्या घरी ओट्यावर बसून मी वडिलांना चित्रं काढून हे समजावलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा यांना लवकर कळलं.

पहिला रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्यात बिघडलेल्या पेशींचा आकडा वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेतात ना?"

वडील काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "डॉक्टर, मी हाच विषय शिकवते." वर, खाचच बदलली असेल, गोळी बसत नसेल, अशी शंकाही ऐकवली. डॉक्टरांनी त्याची वेगळी तपासणी लिहून दिली. आतून मी पार हादरले होते, पण रुबाब सोडला नाही.

दवाखान्याच्या जिन्यात वडील म्हणाले, "आकडा वाढला कसा काय गं? मी तर एकवीस दिस गोळी बंद ठेवली व्हती."

"बंद? का?"

"काढणीआधी फवारणी बंद ठेवत नाय का आपण? नायतर मालात औषधाचा अंश निघतो, रिपोर्ट खराब येतो."

चाळीस वर्षं द्राक्षं पिकवून निर्यातीआधी तपासणीला पाठवलेला माणूस. प्रयोगशाळेचा त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा पक्का. फक्त तिथे औषध सापडणं हाच गुन्हा असतो. मी त्यांना खाच दाखवली, फॉस्फेट दाखवलं, आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही एवढं साधं वाक्य सांगायचं विसरले. तरी चिडले त्यांच्यावरच. "आण्णा, निदान मला विचारायचं तरी!"

"मागल्या टायमाला तो कागद उघडताना तुझा हात लय कापत व्हता," ते म्हणाले. "म्हटलं, या खेपेला पोरीला क्लीन रिपोर्ट दाखवू."

मला तिथेच, जिन्यात, रडू फुटलं. आजपासून पुन्हा सुरू करायची म्हणून गोळ्यांची पट्टी त्यांनी खिशात आणलीच होती. त्यांचा हात धरून मी उलट्या पावली वर गेले.

डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी तोंड मिटून बसले, आणि उत्तर वडिलांनी दिलं.