गोजराबाईनं बुडवलेला प्रयोग

गोजराबाई बोलायला लागली की वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजारात नवख्या माणसाला वाटायचं, भांडण पेटलं. तसं काही नसायचं. तिचा साधा आवाजच तेवढा होता. नवरा गेल्यावर गावाबाहेरचा विहिरीवरचा मळा तिनं एकटीनं सांभाळला. वांगी, मेथी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती गावात घरोघर फिरे, मग मेडशीच्या वाटेवर बंजाऱ्यांचा तांडा होता तिथपर्यंत जाई. कुठल्या घरी कोणाला दिवस गेलेत, हे तिला कोणाला विचारावं लागत नसे. भाजी निवडता निवडता बायाच सांगत.

१९३४ च्या हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टर मोहरीलबाई वाशिमहून सर्व्हिस मोटारीनं मालेगावात आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना गोजराबाईकडे धाडलं ते यामुळेच.

बाई चष्मेवाल्या, किडकिडीत आणि भलत्याच शांत होत्या. गरोदरपणात बाया पांढऱ्या पडतात, चार पावलांत धापा टाकतात आणि बाळंतपणात जरा रक्त गेलं की उठत नाहीत, याचा त्या अभ्यास करत होत्या. दारू आंबवायच्या खमिरापासून काढलेला एक विलायती अर्क त्यांच्याकडे होता. काळा, खारट, गुळाच्या पाकासारखा चिकट. मुंबईला तो देऊन काही बाया सुधारल्या होत्या. वऱ्हाडातल्या खेड्यांतही तो लागू पडतो का, हे त्यांना पाहायचं होतं.

"मंग पाहा ना," गोजराबाई म्हणाली. "घरं मी दाखवतो."

घरं दाखवणं सोपं होतं. पुढचं सगळं डोकं फिरवणारं होतं. सुनेला प्रश्न विचारला की सासरा उत्तर देई. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि तो किती लाल आहे हे पाहायचं, एवढंच काम. पण गावात उठलं की सरकार रक्त जमा करून राह्यलं. रामराव नावाच्या एका शेतकऱ्यानं तर दारातच हात आडवा लावला.

"आमच्या घरी कोनी पांढरं नाही."

"मांगच्या साली तुही वहिनी गेली, ते का लाल व्हती?" गोजराबाई ओरडली.

"तिले देवानं नेलं."

"देवाचं नाव सांगू नोको. ताप आला व्हता का रगत गेलं व्हतं, ते सांग. बाई एवढ्या दुरून देवाचं विचाराले नाही आल्या!"

मोहरीलबाई हळूच म्हणाल्या, "गोजराबाई, जरा सबुरीनं." त्याचा तिला आणखीच राग आला. हिच्याकरता मी भांडून राह्यली, आणि हीच मला सबुरी शिकवते!

तरी महिन्याभरात पुष्कळ बाया तपासून झाल्या. ज्यांचं रक्त फारच फिकं निघालं, त्यांना अर्क द्यायचं ठरलं. त्या दिवशी मळ्यातल्या झोपडीत बसून मोहरीलबाईंनी बरण्या मांडल्या आणि समजावलं की एकीला द्यायचा, तिच्यानंतर सापडलेल्या दुसरीला द्यायचा नाही, तिसरीला द्यायचा, चौथीला नाही.

गोजराबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दुसरीले काहून नाही?"

"सगळ्यांना दिला आणि सगळ्या वाचल्या, तर लोक म्हणतील, त्या वाचणारच होत्या. न दिलेल्यांशी ताडून पाहिल्याशिवाय अर्काचा गुण आहे हे कळणार कसं? तुम्ही नवं खत आणता तेव्हा एका वाफ्यात घालून दुसरा तसाच ठेवता ना?"

"ठेवतो. पन वांगं मेलं तर उपटून फेकतो, बाई. त्याच्या मायले सांगाले नाही जा लागत."

मोहरीलबाईंनी बरणीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाल्या, "मलाही हे आवडतं असं नाही. पण खात्री पटली तर सरकार गावोगाव देईल. नाही पटली तर या बरण्या संपल्या की कोणालाच मिळणार नाही."

गोजराबाईचा संताप दुप्पट झाला. ती उठली आणि वांग्यांना पाणी द्यायला गेली.

ज्यांना अर्क मिळाला, त्यांत पंचफुला होती. बापूरावांची धाकटी सून, पहिलटकरीण, गव्हाच्या कणकेसारखी फिकी. बापूरावांची बायको तुळसाबाई सोवळ्याची. परक्या बाईनं रोज येऊन सुनेला चमचा भरवणं तिला चालणार नव्हतं. म्हणून त्या घरी एक बरणीच देऊन टाकली. बाकीच्या बाया मळ्यावर येऊन गोजराबाईच्या हातून अर्क चाटून जात आणि वाटभर थुंकत.

ज्यांना मिळाला नाही, त्यांत कमलीबाई होती. तांड्यावरच्या खेमाची बायको. जळतणाची मोळी डोक्यावर घेऊन ती मालेगावला येई आणि वाटेत मळ्यावर टेके. आधीची दोन लेकरं जन्मतःच गेली होती. तिची जीभ सोलल्यासारखी गुळगुळीत झाली होती, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येई. एका सकाळी ती मोळीसकट विहिरीजवळ बसली ती उठेचना.

"काय झालं वं?"

"काही नाही, माय. जमीन फिरून राह्यली."

गोजराबाईनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मोहरीलबाई पाहत तशी. आत लाली नव्हतीच. ती झोपडीत गेली, भाकरीच्या तुकड्यावर काळा अर्क थापला आणि बाहेर येऊन म्हणाली, "खा."

"बाई नाही म्हनल्या व्हत्या ना मले?"

"बाई नागपूरले गेल्या. तू खा. अन् उद्या मोळी नसली तरी ये."

कमलीबाई रोज येऊ लागली. तिचं पाहून आणखी दोघी आल्या. गोजराबाईनं त्यांनाही दिला. मोहरीलबाई दर महिन्याला येत, टिपकागद पाहत, कपाळाला आठ्या घालत. न दिलेल्या बायाही लाल का होत आहेत, हे त्यांना उमगेना. "हिवाळ्यात पालेभाजी खातात म्हणून असेल," त्या म्हणाल्या. गोजराबाई मेथीच्या जुड्या बांधत राहिली.

पंचफुलाच्या घरी भाजी द्यायला गेली की ती न चुकता विचारी, "खातेस ना वं?" पंचफुला सासूकडे पाहून मान हलवी. गोजराबाई पुढच्या घरी जाई.

फाल्गुनात कमलीबाई तांड्यावर बाळंत झाली. मुलगा झाला, चांगला रडका. खेमा आनंदानं मळ्यावर गूळ घेऊन आला. त्याच आठवड्यात पंचफुला बाळंत झाली. मुलगी झाली. रक्त फार गेलं नव्हतं, सुईण तसं शपथेवर सांगत होती. पण तिच्या अंगात होतंच किती! दुपारी उन्हं कलायच्या आत ती गेली.

मोहरीलबाई आल्या तेव्हा दोन्ही बातम्या त्यांना मोटारीच्या अड्ड्यावरच कळल्या. मळ्यावर येऊन त्या विहिरीच्या काठावर बसून राहिल्या.

"जिला अर्क दिला ती गेली," त्या म्हणाल्या. "जिला दिला नाही ती धडधाकट. बाकीच्यांतही फरक दिसत नाही. गोजराबाई, या अर्कात काही नाही. निदान इथं तरी नाही. मी तसं कळवून टाकते. उगाच आशा कशाला?"

गोजराबाईनं लपून दिलेल्या अर्कानं सगळा हिशेबच उलटला होता. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कळवू नोका."

"का?"

"कमलीले म्या देल्लं. रोज. अन् त्या दोघींलेही."

मोहरीलबाई ताडकन उठल्या. मग त्या शांत बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की मोटेवरचे बैल थबकले. "अहो, माझं सगळं काम बुडवलंत तुम्ही! अख्ख्या हिवाळ्याचं काम!"

"अन् तुमचं काम कमलीले बुडवत व्हतं, त्याचं काय?"

"एक शब्द सांगायचा होतात मला!"

"सांगतलं असतं तर बरणी उचलून नेली असती तुमी!"

मग मोहरीलबाईंनी चष्मा पुसला. "पण पंचफुलाचं काय? तिला तर मिळत होता."

गोजराबाई तशीच ओल्या पायांनी बापूरावांच्या घरी निघाली. मोहरीलबाई मागून जवळजवळ पळत आल्या.

तुळसाबाई ओसरीवर बसली होती. मांडीवर नात, हातात शेळीच्या दुधात भिजवलेली कापसाची वात.

"खाल्लं तिनं," विचारायच्या आधीच ती म्हणाली. "रोज खाऊ घातलं."

"तुळसाबाई, खरं सांग. गेलेली काही परत नाही येत. पन तू खोटं बोलली तर या बाई साऱ्या मुलखाले सांगतीन की औषध फुकट हाये. मंग कोनालेच नाही भेटनार."

"खाल्लं म्हनतो ना!"

"मंग बरणीभर खाऊन ते पांढरीच कशी राह्यली? मी आंधळी हावो का?"

तुळसाबाईचा हात थांबला. वात मुलीच्या ओठांवरून घसरली.

"ओतलं!" ती किंचाळली. "उकिरड्यावर ओतलं! दारूसारखा वास येत व्हता त्याले. माह्या घरात दारू नाही शिरली कधी. पोट्टी म्हने, खातो मी, बाई एवढं म्हनतात तर खातो. म्याच नाही खाऊ देल्लं. आता झालं? लिहा तुमच्या कागदावर!"

गोजराबाई भांडायच्या तयारीनं आली होती. तोंडाशी पुष्कळ आलं होतं. पण मुलगी रडायला लागली, तशी ती खाली बसली, पडलेली वात उचलून दुधात बुडवली आणि तुळसाबाईच्या हातात दिली. मोहरीलबाई दारातच उभ्या राहिल्या.

परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "मालेगाव बाद. इथला एकही आकडा आता धरता येणार नाही. दुसऱ्या तालुक्यात पहिल्यापासून सुरू करावं लागेल." आणि मोटारीत बसून गेल्या. निरोपसुद्धा घेतला नाही. गोजराबाईला वाटलं, संपलं.

उन्हाळा सरता सरता एक दिवस मोटारीच्या टपावरून लाकडी पेटी उतरली. मागोमाग मोहरीलबाई उतरल्या.

"मालेगावचा मला आता काही उपयोग नाही," त्या अजून रुसल्यासारख्याच बोलत होत्या. "म्हणून इथं अर्क सगळ्यांनाच देऊन टाकावा म्हणते. ज्या फिक्या असतील त्या सगळ्यांना. पण डोळ्यांसमोर गिळायला लावा. घरी बरणी द्यायची नाही."

"आता सांगून राह्यल्या!" गोजराबाई म्हणाली. "आंधी सांगाले काय झालं व्हतं?"

पुढची काही वर्षं हे असंच चाललं. बाया मळ्यावर येत, नाक मुरडत, गोजराबाई शिव्या देई आणि गिळेपर्यंत समोरून हलू देत नसे. तुळसाबाईनं तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं ते कायमचं. नातीला मात्र ती शेळीच्या दुधावर वाढवत राहिली. दुसऱ्या तालुक्यातल्या अभ्यासाचं काय निघालं, हे मालेगावात कोणी कळवलं नाही.

मग लढाई सुरू झाली आणि पेट्या यायच्या थांबल्या. गोजराबाई वाशिमला जाऊन दवाखान्यातल्या कारकुनाशी भांडली. तो बिचारा म्हणाला, "बाई, विलायतेची जहाजं बंद आहेत."

"जहाज बंद हायेत म्हनून बायायले दिवस जायाचे थांबले का?"

कारकुनानं रजिस्टरात डोकं घातलं. बकऱ्याच्या कलेजीतही तसाच गुण आहे, असं मोहरीलबाई जाता जाता बोलल्या होत्या. मोटार सुटायला अजून वेळ होता. गोजराबाई खाटकाच्या दुकानाशी गेली, कलेजी पळसाच्या पानात बांधून घेतली आणि रिकाम्या टोपलीत ठेवली. तांड्यावर लखीरामच्या सुनेला सातवा महिना लागला होता. तांड्यावर बकरं चालत होतं; तिथं निदान खाण्यावरून भांडावं लागणार नव्हतं.