बसमधला खटला

निगडीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये कितीतरी वर्षं एक खटला चालला. म्हणजे चालला टीव्हीवर. बायको वकील, नवरा मंत्री, नवऱ्यावर घोटाळ्याचा आरोप आणि ती काळा कोट चढवून कोर्टात उभी, अशी ती मालिका. तिच्यातलं पाळण्यातलं पोर कॉलेजात गेलं तरी निकाल लागेना. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात आमचे सगळे भाग बुडायचे. मोबाइल सगळ्यांकडे होते, पण सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, पोरं शाळेत धाडायची, त्यात मालिका कोण बघणार? ती बघून यायची आमची ताई, आणि दुपारी बसमध्ये आम्हाला सांगायची.

ताई माझ्यासमोरच्या टेबलावर काम करते. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे आम्ही बांधतो. ताईचे वडील कामगार, घर पिंपरीत, लहानपणी विहारातल्या कार्यक्रमांत भाषणं केलेली, त्यामुळे आवाज खणखणीत. बसमध्ये ती सीट असली तरी बसायची नाही. वरचा दांडा धरून उभी राहायची आणि जज, वकील, मंत्री, सगळ्यांचं एकटी बोलायची. ज्यांनी भाग पाहिलेला असायचा त्याही कान देऊन ऐकायच्या.

मला तिची एकच गोष्ट खटकायची. विरोधी वकील एक नंबरचा नालायक, पण ताई त्याचंही सगळं जीव ओतून सांगायची. मी चिडून विचारायची, ताई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने? ती म्हणायची, आधी त्याचंही ऐकून घे, मग शिव्या दे. माझी जीभ तिखट आहे हे मला माहेरी परभणीत असल्यापासून ऐकवलं गेलंय, त्यामुळे मी आधी शिव्या देऊन मोकळी व्हायची.

त्या जिभेनेच एक दिवस मला गोत्यात आणलं. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी चक्कर येऊन पडली. मी टेबलावरची दोरी ओढून कामाची लाइन थांबवली आणि तिला धरायला धावले. सुपरवायझर तिकडून ओरडत आला, आधी लाइन चालू करा. मी म्हणाले, "तुमच्या डोळ्यांना माणूस दिसतं का नुसता मालच दिसतो?" सगळ्यांसमोर म्हणाले. आठवड्याच्या आत चौकशीचं पत्र हातात आलं. विनाकारण लाइन थांबवली आणि वरिष्ठांशी उद्धट बोलले. नोकरी जाईल असं जो तो सांगू लागला. आमच्या घरात पर्मनंट झालेली पहिली बाई मी. किती वर्षं कंत्राटावर काढून ती नोकरी मिळाली होती, ते माझं मला माहीत.

अशा चौकशीत आपल्या बाजूने बोलायला एका सहकाऱ्याला सोबत नेता येतं. मी ताईचं नाव दिलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, मालिकेच्या भरवशावर नोकरी घालवणार आहेस तू.

चौकशी कँटीनशेजारच्या खोलीत होती. कंपनीने बाहेरून बोलावलेले एक वकील चौकशी घेत होते. ताई आता कडाडणार, टेबलावर हात आपटणार, असं मला वाटत होतं. त्यांनी तिला बसून बोला म्हटलं. ती म्हणाली, "साहेब, मला बसून सांगता येत नाही." आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

तिने सुरुवात केली ती सुपरवायझरपासून. त्या दिवशी त्याची चार माणसं कमी होती, गेटवर ट्रक उभा होता, वरून फोनावर फोन येत होते, सकाळपासून त्याने चहासुद्धा घेतला नव्हता. ही माझ्या बाजूने आलीये की त्याच्या? मग मुलगी पडली. मग मी दोरी ओढली. मग माझं ते वाक्य, एक शब्द न गाळता, अगदी माझ्याच ठसक्यात. मी मान खाली घातली.

वकिलांनी समोर बसलेल्या सुपरवायझरला विचारलं, यात काही चुकीचं आहे का? तो चाकणजवळच्याच गावचा.

"न्हाई साहेब, आसंच झालं," तो म्हणाला. "पोरगी पडलेली मी बघितलीच न्हाई. माझं ध्यान गेटवरच्या गाडीकडंच हुतं."

नोकरी राहिली. तोंड सांभाळण्याची लेखी ताकीद मिळाली, ती मी आनंदाने घेतली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, आता ही मालिका मीही बघतो.

मालिका पुढे संपली. मंत्र्याचं शेवटी काय झालं ते बसमधल्या निम्म्या जणींना आता आठवत नाही. पण कोणी नवी मुलगी कामाला लागली की बायका ताईला आमचा खटला सांगायला लावतात. ताई दांडा धरून उभी राहते. गेटवरचा ट्रक ती कधी विसरत नाही, सुपरवायझरचा राहिलेला चहाही नाही. आणि माझं उद्धट वाक्य आलं की सगळी बस वळून माझ्याकडे बघते. मी आता मान खाली घालत नाही. ताईने माझी बाजू मांडली होती, याचा मला जितका अभिमान आहे तितका पर्मनंट झाल्याचाही नाही.