काकूंच्या विहिरीचा अंदाज

मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला, तेव्हा आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा ग्वाल्हेरहून भोपाळला निघाली. रसायनांच्या बाटल्या पेंढ्यात घालून खोक्यांत बंद झाल्या, आणि नेमका तेव्हाच साहेबांना हुरूप आला. जायच्या आधी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या हलवायांच्या आणि खानावळींच्या विहिरींचा निकाल लावायचा म्हणे! "तपासायचं कशानं?" मी विचारलं.

"हिसाब लगाइए, देवीजी," साहेब म्हणाले.

हिसाब साधा होता. पावसाच्या पाण्याबरोबर नायट्रेट किती उतरतं, सेप्टिक टँकमधून किती झिरपतं, त्यांची बेरीज. हा क्षार वाढला की तान्ह्या मुलांना बाधतो, म्हणून आकडा मर्यादेपलीकडे गेला की विहीर बंद.

तिथल्याच खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या काकूंची खानावळ माझ्याच यादीत आली. दोन वर्षं मी त्यांच्याकडेच दोन्ही वेळा जेवत होते. विहीर बंद म्हणजे खानावळ बंद, आणि काकूंना मागंपुढं कुणी नव्हतं. पण मी मोठी तत्त्वाची ना! ओळख बाजूला ठेवून आकडे मांडले. पावसाचं नायट्रेट चिमूटभर निघालं, पण दोन्ही वेळची चाळीस-चाळीस माणसं धरल्यावर टँकचा आकडा कुठल्या कुठे गेला. तो कागद घेऊन मी काकूंकडे गेले.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. "हे चाळीस कोण गं?"

"जेवायला येणारे."

"मग जेवायलाच येतात ना? संडासाशी त्यांचा काय संबंध?"

"काकू, शास्त्रात माणशी धरतात."

"खड्ड्यात गेलं तुझं शास्त्र! दोन वर्षं जेवतेस इथं. एकदा तरी मागच्या दारी गेलीस?"

नव्हते गेले. कुणीच जात नसे. हात धुवायचे, बडीशेप तोंडात टाकायची आणि घर गाठायचं. जेवायच्या जागी 'ते' काम म्हणजे शिव शिव! हात धुतल्याचं पाणीही अळूला जायचं. टँक वापरणाऱ्या काकू आणि स्वयंपाकाच्या दोन बायका, बस्स. स्वतःच्या अकलेची मला लाज वाटली. तरी खातरजमा म्हणून दुसऱ्या दिवशी दिवसभर मागच्या दाराशी पाट टाकून बसले. "ये पहरा किस बात का?" म्हणून एक वकील विचारून गेले. कुणीही फिरकलं नाही. नवा आकडा मर्यादेच्या खूप खाली आला आणि साहेबांनी सही केली.

तरी धाकधूक होतीच. विहिरीच्या पाण्याची एक बाटली मी सामानातून भोपाळला नेली आणि खोकी उघडल्याबरोबर पहिली तीच तपासली. नायट्रेट जास्त असलं की रंग गडद पिवळा येतो. इथं जेमतेम हळदीचं बोट लागावं तेवढा आला. मी आनंदानं कार्ड टाकलं, 'काकू, पाणी उत्तम आहे.'

उलट टपाली उत्तर आलं, 'ते मला माहीतच होतं. तू तिथं जेवतेस कुठं?'

माझ्यापुढे चहा आणि कालचा पाव होता. मी हसले आणि तो बुडवून खाताना रडलेही.