निवळीचं बी

लेक गेली त्यानंतर वर्षभर मी देवाचं नाव घेतलं नाही. आठ वर्षांची होती. हे चेन्नईजवळच्या आवडी ह्या गावी कारखान्यात नोकरीला, म्हणून साताऱ्याहून आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो होतो. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात चेन्नईभर पाण्याची ओरड होती. टँकर आला की घागरी घेऊन धावायचं. एका दुपारी ती शाळेतून घामाघूम होऊन आली. गॅस संपला होता. मी टँकरचं पाणी न उकळता तिला दिलं. एकच पेला. पुढे विषमज्वर झाला आणि सोळाव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, कुठल्याही पाण्यानं झालं असेल. ह्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण मला तो पेलाच दिसायचा, आणि वाटायचं, इतकी वर्षं ज्याची पूजा केली त्याला त्या वेळी माझा हात धरता आला नाही?

"तिरुवण्णामलैच्या अलीकडे डोंगरावर शंकराचं देऊळ आहे," हे एकदा म्हणाले. "चालून येऊ. घरात बसून तू वाळत चाललीस." मी ह्यांच्यासाठी गेले, देवासाठी नाही.

चढ वाटला होता त्याहून फार अवघड निघाला. पाण्याची एक बाटली हातातून सुटून दरीत गेली, दुसरी निम्म्या वाटेतच संपली. ऊन डोक्यावर आलं आणि हे खडकाला टेकून खाली बसले. ओठ पांढरे पडलेले, डोळ्यांपुढं अंधारी. जवळच कातळाच्या खळग्यात पाणी साचलं होतं, मातकट. ह्यांनी ओंजळ पुढं केली, मी मनगट घट्ट धरलं.

"हे नाही प्यायचं."

"अगं, मग काय पिऊ?"

खाली उतरायला दोन तास. मी नुसती मनगट धरून बसले.

तेवढ्यात खालून एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर रिकामं भांडं, हातात तांदूळ-गुळाची पुरचुंडी, काखेत सरपण. देवळापाशी नैवेद्याचा पोंगल, म्हणजे गूळभात, शिजवायला निघाली होती. ह्यांचा चेहरा पाहून तिनं भांडं खाली ठेवलं. खळग्यात पदर भिजवून ह्यांच्या कपाळावर धरला. मग कनवटीचं एक बी काढून दगडावर उगाळलं आणि खळग्यातलं गढूळ पाणी भांड्यात भरून त्यात कालवलं. ती त्याला तेत्तांकोट्टै म्हणाली, पण मी ओळखलं. निवळीचं बी. माहेरी पावसाळ्यात विहीर गढुळली की आई हेच उगाळायची. अर्ध्या तासात गाळ तळाशी बसला. वरचं पाणी तिनं आमच्या स्टीलच्या डब्यात गाळून घेतलं, तीन दगडांवर खळखळ उकळलं, निववलं, त्यात पोंगलाचा थोडा गूळ घातला आणि डबा माझ्या हाती दिला.

मी डबा तिच्याकडे परत सरकवला. "अक्का, तुम्हीच द्या," मी मोडक्या तमिळमध्ये म्हटलं. "मी मुलीला पाणी दिलं होतं. ती राहिली नाही."

तिनं डबा पुन्हा माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "ते मूल गेलं, अम्मा. हा माणूस तहानलेला आहे."

मी डबा ह्यांच्या ओठांना लावला. घोट घोट पाजलं. ते पीत होते आणि मी रडत होते, वर्षात पहिल्यांदा ह्यांच्यासमोर.

पुढं चढणं ह्यांना शक्य नव्हतं. ह्यांनी आणलेला कापूर देवापुढं लावायला तिच्याकडे दिला. तिनं विचारलं, "मुलीचं नाव? लावताना घेते." ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. "ऋतुजा," मी म्हटलं. तिला ते नीट जमेना. विसरू नये म्हणून "रुदुजा, रुदुजा" असं घोकतच ती चढून गेली. ऊन कलल्यावर आम्ही सावकाश उतरलो.

ती कोण होती, कोणी पाठवली, मला ठाऊक नाही. विचारावंसंही वाटलं नाही. दुःख उतरलं असंही नाही. मी त्या दुपारी चुकले असेन, नसेनही. ते ओझं देवाच्या पायाशी ठेवलंय. कधी कधी पुन्हा उचलते, पुन्हा ठेवते. तो रागावत नसावा. आम्हांला त्या दिवशी दर्शन झालं नाही. लेकीचं नाव मात्र वर पोचलं.