परमुलखातलं गाऱ्हाणं

त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. म्हणजे मीच बंद केलं होतं. कोनाड्यातल्या तसबिरीपुढे रोज दिवा लावायचे, कारण दिवा सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ट्रंकेत बांधून दिला होता आणि हे कामावरून आले की आधी तिकडे बघत. पण हात जोडताना मी तोंड फिरवून घ्यायचे. असले अनुभव सांगायला बसलं की माणसं आपली भक्ती किती जुनी ते आधी सांगतात. माझ्याजवळ तेव्हा भक्ती नव्हती, राग होता. तो किती होता हे सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.

आमच्या कोकणातल्या गावातून पुरुष बाहेर पडायचे ते मुंबईला. तिथं गावाची म्हणून एक खोली असे. कुणी नवा गेला तरी उशाला गावचाच माणूस असायचा. ह्यांनी मात्र कुणाच्या तरी ओळखीनं पिंपरीला एका नव्या कारखान्यात फिटरची नोकरी धरली. मला विचारलं नाही. "घाटावरची हवा कोरडी, तुला मानवेल," एवढंच म्हणाले. मानवली कसली, पहिल्या महिन्यात ओठ फुटले. चहूकडे बाभळी, अर्ध्या उभारलेल्या भिंती आणि दिवसभर धूळ. मासळी नाही, उकड्या तांदळाची पेज नाही, समुद्राचा आवाज नाही. विहिरीवर माझ्या तोंडून "मला"ऐवजी "माका" निघालं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ह्यांना कारखान्यात सोबती मिळाले, ते हसत घरी यायचे, त्याचाही मला राग यायचा. मग मी बोलणं सोडलं आणि भांडण धरलं. भांडायला भाषा फारशी लागत नाही.

पहिलं भांडण शेजारणीशी झालं. आम्ही राहायचो ती पत्र्याच्या तीन खोल्यांची ओळ होती. डावीकडची रिकामी, मधली आमची आणि उजवीकडे गोपीबाई. ती सिंधमधून निर्वासित होऊन आलेली, पन्नाशीकडे झुकलेली, एकटी बाई. छावणीच्या बराकीत दाटी फार म्हणून इथं राहायला आलेली. ती पापड करून विकायची आणि वाळवायला खाट टाकायची ती बरोबर माझ्या दारापुढं. एके दिवशी मी झाडू घेऊन खाट उलटी केली. ती खाली बसून एकेक पापड उचलून पदरानं पुसत राहिली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिच्या गप्प राहण्यानं मी आणखीच भडकले आणि तिच्याकडे बघणंही बंद केलं.

दुसरं भांडण घरमालकिणीशी. शेवंताबाई पिंपरी गावातली, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या घरातली. त्यांची जमीन कारखान्याखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ह्या खोल्या बांधल्या होत्या आणि दोन म्हशी ठेवल्या होत्या. आवाज खणखणीत. भांडण झालं ते देवावरून. पवनेच्या काठी लिंबाच्या झाडाखाली त्यांच्या घराण्याचा म्हसोबा आहे, शेंदूर फासलेला उघड्यावरचा दगड. आमच्याकडे ग्रामदेवाला कौल लावतात. काळ्या पाषाणाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. मला एकच विचारायचं होतं, मी परत घरी जाणार की नाही. देवाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण परका देव म्हणजे आपला देव नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली आणि एका सकाळी म्हसोबाला जास्वंदीच्या पाकळ्या लावायला गेले. शेंदूर तेलात कालवलेला असतो, त्यावर पाणी लावलेली पाकळी ठरत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. लावीन ती पाकळी घसरायची, उजवीकडची आणि डावीकडचीही. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही! मी चिडून पुन्हा पुन्हा लावत होते, तेवढ्यात मागून शेवंताबाई आल्या.

"अगं ए, देवाला काय डकवाय लागलीस?" त्या ओरडल्या. "ह्यो म्हसोबा हाय, त्यो असलं काय बोलत न्हाई. तुमचा देव तुमच्या गावाला. तकडं जाऊन इचार!"

त्यांनी पाकळ्या झाडून टाकल्या. मी घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांचं दूध घेणं बंद केलं. अर्धा मैल चालून दुसरीकडून आणायचे, पण त्यांच्या दारात उभी राहायची नाही. परक्या गावात आपल्याला देवसुद्धा परका, हे मनात इतकं बसलं की तसबिरीपुढचा दिवाही मी वात सारखी न करता लावू लागले.

चैत्र संपता संपता हे तापानं पडले. कारखान्याजवळचे डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, उतरायला वेळ लागेल. दहा दिवस झाले तरी उतरेना. मग तो डोक्यात गेला. ह्यांना मी ओळखू येईना. छपराकडे बघून म्हणायचे, "माका घराक घेवन चल गो." ते ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. घर सोडून कुणी आणलं? आणि आता कुणाला सांगताय? सोबती एकदोनदा डोकावून गेले होते, पण त्यांची कामाची वेळ बदलली आणि येणं थांबलं. उजवीकडे गोपीबाई होती, पलीकडे शेवंताबाई होत्या. दोघींना हाक मारायची तर मी स्वतःच तोंड ठेवलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी भर दुपारी माझा ताबा सुटला. आईनं निघताना दिलेला एक नारळ मी ट्रंकेत जपून ठेवला होता. तो घेतला, हे बाहेर पडू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि तरातरा म्हसोबापुढे जाऊन उभी राहिले. आमच्या गावात गाऱ्हाणं घालण्याचा मान माझ्या वडिलांचा. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण लहानपणापासून देवळाच्या खांबाआड उभी राहून ते मला पाठ झालं होतं. मी नारळ म्हसोबाला दाखवला आणि परत पदराखाली घेतला. आधी बरं कर, मग देईन, असा माझा ताठा. आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! माका हय परमुलखात आणून टाकलंस, रे म्हाराजा!"

आणि मी थांबले. गाऱ्हाण्यात थांबावंच लागतं. एकजण बोलतो आणि मागे उभा असलेला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. तो होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणता येत नाही. माझ्या मागे फक्त नदी होती. मी दुसरं वाक्य म्हटलं, पुन्हा सवयीनं थांबले. पुन्हा काही नाही. मग मात्र अंगाची लाही झाली. "होकार देवक माझ्या मागे कोण नाय, तां पण तूच केलंस! तू कसलो रे देव?" असं मी खरोखर किंचाळले.

"व्हय," मागून आवाज आला.

वळून बघते तर शेवंताबाई. म्हशी पाण्यात सोडून, ओल्या पायांनी उभ्या. मला वाटलं आता पुन्हा हाकलणार. पण त्या म्हणाल्या, "म्हण, म्हण. खरं बोलतियास. त्याला कुणीतरी बोलाय पायजेलच हुतं." मी बोलत गेले आणि प्रत्येक वाक्याला त्या आपलं "व्हय" जोडत गेल्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मालक कसं हायती आता?" आणि मला एकदम आठवलं, की भ्रमात असलेल्या माणसाला मी पत्र्याच्या तापलेल्या खोलीत बाहेरून कडी घालून कोंडून आले आहे.

आम्ही दोघी धावतच आलो. दार सताड उघडं होतं. आत गोपीबाई जमिनीवर बसली होती आणि ह्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ह्यांनी उठून दारावर धडका मारल्या होत्या, आणि तिनं येऊन कडी काढली तर हे तिच्या अंगावरच कोसळले होते. ती ओल्या फडक्यानं ह्यांचं अंग पुसत होती. ते फडकं पापड झाकायचं होतं, हे मला लगेच ओळखू आलं. माझी मान खाली गेली. ती एवढंच म्हणाली, "रोना नहीं, बेटी. पानी लाव. और लाव." नंतर हळूच म्हणाली, "मेरा बेटा भी ऐसेच जलता था. कँप में. उदर कोई गाडी नहीं मिला."

हे ऐकलं मात्र, शेवंताबाईंनी बाहेर जाऊन नवऱ्याला हाक मारली. आगगाडीला अजून चार तास होते. त्यांनी बैलगाडी जुंपली, कडबा अंथरला, वर गोधडी घातली. ह्यांना उचलून ठेवलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याकडे आम्ही निघालो. मी काही म्हणायच्या आत दोघीही गाडीत बसल्या होत्या.

रस्ता तापलेला, बैल आपल्या चालीनं चाललेले. शेवंताबाईंनी विचारलं, "ते देवाला भांडताना मधीच थांबत हुतीस ती कशापायी?" मी सांगितलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मंग हे आधी सांगायचं न्हाईस व्हय? आमी हाय की!" आणि मला पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं घालायला लावलं. प्रत्येक वाक्याला दोघींनी होकार दिला. गोपीबाईला ते नीट म्हणता येत नव्हतं, पण ती चुकली नाही एकदाही. माझं संपल्यावर शेवंताबाईंनी स्वतःचं सुरू केलं. "बा म्हसोबा, आजा-पणजानं कसलेली काळी आई गेली, आन्‌ तू नुस्ता बघत बसलास!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटलेला ऐकला. दूध बंद केलं तेव्हा ह्या बाईलाही काही दुखत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मग गोपीबाई बोलू लागली, तिच्या भाषेत. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. एक नाव फक्त पुन्हा पुन्हा येत होतं, ते तिच्या मुलाचं असावं. सुरुवातीला ती हळू बोलत होती, मग मूठ आवळून आभाळाकडे बघत बोलू लागली. आपल्यासारखीच हीसुद्धा देवावर इतकी चिडलेली आहे, आणि मी तिला गरीब, गप्प बाई समजत होते! ती थांबली. आम्ही दोघींनी होकार दिला.

त्या होकारात तिसरा आवाज होता. खालून, गोधडीतून, अगदी बारीक. "व्हय म्हाराजा."

हे बोलले होते. डोळे मिटलेलेच होते. लहानपणापासून गावाच्या मागं उभं राहून ज्यानं तो होकार दिला, त्याच्या ओठांवर तो आपोआप आला असेल. गोपीबाईनं कपाळावर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथं नेला. कपाळ घामानं ओलं झालं होतं. दापोडीचा पूल तेव्हा समोर दिसत होता.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर कडाडले, इतके दिवस घरात काय करत होता म्हणून. शेवंताबाईच पुढं झाल्या. "तिला कशाला बोलतायसा? नवीन हाय ती हितं. बोलायचं तर आमाला बोला, आमी शेजारी हुतो." त्या क्षणी मला वाटलं, देव कुणाच्या तरी तोंडानं माझी बाजू घेतो आहे. हे बरे व्हायला पुढे महिना लागला. औषधानं बरे झाले, शुश्रूषेनं झाले, म्हसोबानं केले, मी वाद घालत नाही. मला त्या गाडीतला आवाज पुरेसा आहे.

परत आल्यावर नारळ घेऊन म्हसोबाला गेले. फोडला तर आत पाण्याचा थेंब नव्हता, सगळा वाळून गोटा झालेला. आधी बरं कर मग देईन म्हणून धरून ठेवला तो हा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवंताबाई म्हणाल्या, "असूं दे, सुकं खोबरं ग्वाड लागतं." आम्ही तिघींनी ते तिथंच बसून खाल्लं. शरण जाणं म्हणजे राग गिळणं असं मी समजत होते, म्हणून मला ते कधी जमलं नाही. त्या दिवसापासून मी राग त्याच्या पायाशी नेऊन ठेवते, पण एकटी जात नाही. एवढंच मला कळलं आहे, आणि ते कळायला मला घर सोडून यावं लागलं, म्हणून पिंपरीवरचा माझा राग गेला.

पुढच्याच वर्षी डावीकडच्या खोलीत परभणीकडचं जोडपं राहायला आलं. बायको विशीतली असेल. तिसऱ्या दिवशी गोपीबाईची खाट तिच्या दारापुढं आली म्हणून ती बाहेर येऊन कडाकडा भांडू लागली. पाण्यावर बोलली, धुळीवर बोलली, नवऱ्यावर बोलली, इथल्या माणसांवर बोलली. बोलून बोलून दम लागला आणि एका वाक्यानंतर ती थांबली. मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं, उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."

ती वळून बघतच राहिली. मी म्हटलं, "बोल गो, पुढचं बोल. आम्ही आहोत."