खंदकातली चुनाभट्टी

जमिनीच्या वर काय चाललंय याची जराही फिकीर नसलेले गृहस्थ साऱ्या जबलपुरात एकच होते, आणि ते आमच्या भिंतीपलीकडे राहत. आठवडाभर कारखान्यात तोफगोळ्यांची मापं तपासायची आणि रविवारी तिलवाऱ्याच्या वाटेवर मान खाली घालून हिंडायचं, हा त्यांचा नेम. खापराचा तुकडा दिसला की सायकल रस्त्यातच सोडून देत. सख्ख्या मेव्हण्याच्या वरातीतून नाहीसे झाले, ते एका बुजलेल्या विहिरीत सापडले. वहिनींचा पोळ्या उलटायचा सराटा तर हमखास मातीनं माखलेला असे.

युद्ध सुरू झालं आणि कारखान्याच्या क्वार्टरांमागे खंदक खोदायचं ठरलं. आम्ही सगळे कुदळ-फावडी घेऊन जमलो. गुडघाभर खोदल्यावर भाजलेली लाल माती लागली, पांढरे गोळे निघाले, पुढे दगडांची गोल कड दिसली. त्याबरोबर आमचे हे शेजारी खड्ड्यात उतरून त्या कडेवर चक्क आडवे झाले.

"काहून फोडून राहिले भैया? चुन्याची जुनी भट्टी आहे ही. हिला कुदळ लागू देणार नाही मी."

"आणि बाँब पडला तर?" सुपरवायझर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खंदक पाहिजे."

"देतो न. पण भट्टी शाबूत ठेवून देतो."

त्यांचं गणित सरळ होतं. बाजूला कडक मुरूम, भट्टीच्या पोटात मात्र भुसभुशीत माती; ती उपसली की भट्टीचाच खंदक. सराटा आणि दाढीचा ब्रश घेऊन ते आत उतरले. आम्ही टोपल्या उपसल्या. ऊन उतरेपर्यंत चार बिऱ्हाडं मावतील अशी दगडी विहीरच तयार झाली. सुपरवायझर आत बसून आले आणि म्हणाले, "चलो, यही ठीक है."

पुढे दिवेलागणीला भोंगा वाजला की आम्ही धावायचो आणि हे काठावर उभे असायचे. "चपला बाहेर. भिंतीला टेकू नका जी." मग अंधारात त्यांचं व्याख्यान: भट्टीत दगड आणि लाकडं कशी रचत, धग किती दिवस धरत, हे सगळं पहिल्यापासून. बाँबपेक्षा आम्हांला त्याचीच धास्ती होती. पण खरं सांगतो, इतकं निर्धास्त मला घरातही कधी वाटलं नाही.

युद्ध संपलं, खंदक बुजवायचा हुकूम आला. हे पुन्हा आडवे होणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. ते मात्र नर्मदेवरच्या ग्वारीघाटाहून सायकलवर वाळूची पोती घेऊन आले. तळाशी आपल्या हातांनी वाळू पसरली आणि मगच आम्हांला माती लोटू दिली.

"पुढं कोणी खोदलं न, तर त्याला आधी वाळू लागली पाहिजे. समजेल त्याला, कोणी येऊन गेलं होतं."

आता ते नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. क्वार्टरांमागे कुणी खड्डा घेताना दिसलं की मी थांबतो, वाळू लागते का बघतो. अजून लागलेली नाही, म्हणजे भट्टी शाबूत आहे, आणि त्याचं मला बरं वाटतं.