दोन हात दोरी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. नेऱ्याला माझी आणि शेजारच्या वहिनींची विहीर एकच होती, मोटारी दोन. खोल विहिरीत वरून काही दिसत नसे, म्हणून दोघांचे पाइप एकाच मापाच्या दोरीने बांधायचे, म्हणजे पाणी आटलं तर दोघांचंही एकदमच आटेल, अशी जुनी रीत होती.

त्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. माझी भेंडी फुलावर आली होती. वहिनी बाजाराला गेल्या असताना मी माझी दोरी दोन हात सैल सोडली, माझा पाइप तेवढा खाली गेला.

दुसऱ्या दिवशी त्या बांधावर आल्या. "भावजी, तुमची मोटार पानी देते, माझीच कशी हवा खाते?"

"जुनी झाली तुमची," मी म्हणालो.

त्यांनी ती मोटार एसटीने पनवेलला नेली आणि तशीच परत आणली. "मिस्त्री हसला मला. म्हनं, मावशी, मोटारीला काय नाय झालं, विहिरीलाच विचारा."

"मग विचारलंत का?" म्हणत मीही हसलो.

त्यांची काकडी वेलावरच वाळली. माझी भेंडी निघाल्यावर मी दोरी पुन्हा वर घेतली.

पुढे त्या आजारी पडल्या, तेव्हा सांगायचं ठरवूनच गेलो. त्यांनी आधी सुनेला हाक मारली, "भावजींना पानी दे." मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि उठून आलो. महिन्याभरात त्या गेल्या.

वहिनी, मोटार तुमची चांगली होती. दोरी मी सोडली होती. मला माफ करा.